आजोबा लुडो खेळतात, मग पब्जी का नाही?

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये एक ॲप घराघरांत पोहोचलं. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचं 'लुडो किंग' आलं होतं २०१६ मध्येच, पण घरात अडकल्यावर त्याची खरी गरज कळली. नातू पुण्यात, आजी चंद्रपुरात. नातवानं रूमचा कोड पाठवायचा, आजीनं तो टाकायचा आणि डाव सुरू. तोच नातू पब्जीतही होता, आजी मात्र तिकडे फिरकली नाही. असं का?

पहिलं कारण सोपं आहे. लुडो मुळात आपल्या पचीसीचाच वंशज. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, एवढंच. ओसरीवर अष्टाचंगा खेळलेल्या माणसाला सोंगटी मारणं आणि घरात नेणं शिकवावं लागत नाही. नवीन असतो तो फक्त मोबाईल.

दुसरं कारण सोबतीचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांची मांडणी अशी, की पुढे उरलेला काळ कमी वाटू लागला की माणूस नव्या ओळखींपेक्षा जवळच्या माणसांत जास्त रमतो. पब्जीत विमानातून शंभर अनोळखी खेळाडू उतरतात आणि हेडफोनवर कुणीतरी शिव्या घालत असतं. साठीनंतर हे कुणाला हवंय! खरं तर अनेकांना खेळाशी घेणंदेणंच नसतं. नातवाची सोंगटी मारली, त्यानं चिडून फोन केला, की दिवस सार्थकी लागला.

वेगाचा मुद्दाही आहेच. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' या गेमच्या ३,३०५ खेळाडूंचा अभ्यास केला. प्रतिसादाचा वेग चोविशीपासूनच मंदावू लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सत्तरीचं सोडा, तिशीतले वाचकही उतरणीला लागलेत. त्याच अभ्यासात मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या युक्त्या वापरून ही कसर भरून काढताना दिसले. लुडोत आणि पत्त्यांत आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून तिथे वय आड येत नाही.

बोटांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मोबाईलचा पडदा बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीला तो नीट दाद देत नाही. आयुष्यभर धानाची रोवणी केलेल्या, तेंदूपत्ता तोडलेल्या हातांनी तीनदा दाबावं तेव्हा एकदा सोंगटी हलते. आजीला 'जमत नाही' असं आपण म्हणतो, पण दोष बऱ्याचदा काचेचा असतो. त्यात अक्षरं बारीक आणि सूचना इंग्रजीत. घरात माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्यासाठी तर मराठीसुद्धा दुसरी भाषा.

आणि मग नेटवर्क. बल्लारपूरला बसून खेळणं वेगळं, एटापल्लीच्या आतल्या गावातून खेळणं वेगळं. गडचिरोलीचा बहुतांश भाग जंगलाचा, त्यामुळे दोन टॉवरमधलं अंतर मोठं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथे रेंजची काय कथा! ऑनलाइन डावात पाळीला घड्याळ लावलेलं असतं. रेंज गेली, काही चाली चुकल्या, की गेम तुम्हाला बाहेर काढतो. दोनदा असं झालं की माणूस म्हणतो, आपले पारावरचे पत्ते बरे.

पत्त्यांनाही जुगाराचा डाग आहेच. जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७ पासूनचा. त्यामुळे मोबाईलवर रमी दिसली की घरातलेच डोळे वटारतात आणि ती भीती पोकळ नाही. ज्या फोनवर खेळायचं, त्याच फोनला पेन्शनचं खातं जोडलेलं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. नुसता लुडो खेळायला हरकत नाही. पण डावासाठी पैसे मागणारी लिंक व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडू नका, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.