जिन्यावरील झडपेच्या फळ्या

शिडाच्या नौकेत जिन्याच्या तोंडाशी बसविलेल्या फळ्या लाटेचे पाणी अडवितात. जुन्या वाड्यांत माडीच्या जिन्यावरील झडप पडणारे मूल अडविते. बिजागरीपाशी दाभण टोचून पाहावे. सहज रुतल्यास फळी कुजली म्हणून समजावे व ती तेव्हाच बदलावी. नवी फळी सागाच्या गाभ्याची असावी. पांढरट कडेस वाळवी लवकर लागते. जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांकडे जातो व लाकूड आटते. आषाढांत तेच रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. उन्हाळ्यांत घट्ट बसविलेली झडप मग अडकते, आणि माडीवरची मंडळी कोंडली जातात. यास्तव, सुतार कितीही कुरकुरला तरी, चौकटीशी जाड पुठ्ठ्याएवढी फट ठेववावी. जवसाचे तेल फळी बसविण्यापूर्वीच दोन्ही अंगांस द्यावे. टोकांस तर दोनदा, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते.