हळदीच्या कागदावरचा इल्म

सालनाचा पिवळा डाग साबण लावताच लालसर होतो, हे घराघरांतल्या अम्मींनी पाहिलेले असते. हा रसायनशास्त्राचा धडाच आहे. फक्त तो मुलांना कुणी दाखवत नाही.

प्राथमिक शाळांत सहसा स्वतंत्र प्रयोगशाळा नसते. आम्ल, आम्लारी हे शब्द मुले वरच्या वर्गात गेल्यावर पाठ करतात. तोवर विज्ञान म्हणजे पाठांतर, असे त्यांच्या मनात पक्के बसते. सात-आठ वर्षांच्या मुलामुलींना हा अनुभव घरीच देता येतो.

हळदीत थोडे पाणी घालून लेप करा. तो पांढऱ्या कागदावर पसरून वाळवा आणि पट्ट्या कापा. वेगवेगळ्या वाट्यांत लिंबाचा रस, मिठाचे पाणी, साखरेचे पाणी आणि कपड्यांच्या साबणाचे पाणी ठेवा. प्रत्येकाचा एक थेंब पट्टीवर टाकण्याआधी मुलांना विचारा, ‘रंग बदलेल का?’ त्यांचा अंदाज वहीत लिहून घ्या, मग थेंब टाकू द्या. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल होईल. बाकीच्या पिवळ्याच राहतील. आता लाल डागावर लिंबाचा रस टाका. तो पुन्हा पिवळा होईल. साबणातील आम्लारीला लिंबातील आम्लाने उदासीन केले!

थंड झालेली लाकडाची राख पाण्यात ढवळून निवळू द्या. ते पाणी मोठ्यांनीच पट्टीवर टाकावे. पट्टी लाल होईल. ‘अल्कली’ हा शब्द अरबी ‘अल-कली’वरून आला, त्याचा अर्थ वनस्पतींची राख. आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरील ग्रंथांतही प्रत्यक्ष प्रयोगाला मोठे महत्त्व आहे. हा वारसा केवळ अभिमानाने सांगण्याचा नाही, हाताने चालवण्याचा आहे.

काही नियम मात्र कडक असावेत. प्रयोगातली कोणतीही वस्तू चाखायची नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही, नंतर हात धुवायचे. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

अंदाज चुकला तर मुलांना हसू नका आणि उत्तर सांगण्याची घाईही करू नका. ‘असे का झाले असेल?’ एवढेच विचारा. अल्लाहच्या सृष्टीवर विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. त्या विचाराची सवय अशा छोट्या प्रश्नांनीच लागते.