जलसंजीवनीचे रहस्य पेशीच्या दारात

जुलाब होणाऱ्या बालकास मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण मिठाबरोबर साखरच का लागते आणि ती बेतानेच का घालावी? याचे उत्तर आतड्यातील पेशींच्या आवरणात दडलेले आहे.

हे आवरण, म्हणजेच पेशीपटल, मेदाच्या दुहेरी थराचे असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. मिठातील सोडियम किंवा साखरेतील ग्लुकोज या मेदातून सहजासहजी पार होत नाही. त्यांची ने-आण करतात ती पटलात रुतलेली प्रथिने. काही प्रथिने मार्गिका असतात, काही वाहक, तर काही बाहेरचे संदेश टिपून आत पोहोचवितात.

कॉलऱ्यात यातील एक दार बिघडते. जंतूंच्या विषामुळे ‘सीएफटीआर’ ही क्लोराइडची मार्गिका उघडीच राहते. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतले जाते. मीठ शोषून घेण्याचा एक नेहमीचा मार्गही बंद पडतो. त्यामुळे नुसते मीठ-पाणी पाजून भागत नाही आणि रुग्णाच्या शरीरातील पाणी काही तासांतच धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.

‘एसजीएलटी-१’ हे वाहक प्रथिन मात्र या विषापुढे शाबूत राहते. त्याची अट एकच: सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू बरोबर आले पाहिजेत. ही जोडी आत शिरली की पाणीही मागोमाग शोषले जाते. अशा जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती.

तिचे मोल १९७१ मध्ये दिसले. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल आहे. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच शीतपेये किंवा गोडमिट्ट सरबत हा जलसंजीवनीला पर्याय नव्हे. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी आणि ते पाणी २४ तासांत संपवावे. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. शरीरातून गेलेले पाणी तेवढे भरून निघते. मूल मलूल झाले, पाणी पोटात ठरेना किंवा लघवी कमी झाली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.