आज्ञावलीकारांची निवड

आज्ञावलीकारांची निवड : सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या तयार करणाऱ्या तंत्रज्ञांची कंपन्या नोकरीसाठी करीत असलेली पारख. या व्यवसायाच्या आरंभी प्रशिक्षित माणसे फारशी नव्हती. त्यामुळे पूर्वज्ञानापेक्षा उपजत कल जोखण्यावर भर असे. आयबीएम कंपनीची १९५५ मधील अभियोग्यता कसोटी याच हेतूने रचलेली होती. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (स्थापना १९६८), इन्फोसिस (पुणे, १९८१) इत्यादी कंपन्यांनी महाविद्यालयांत जाऊन अंतिम वर्षाचे विद्यार्थी निवडण्याची पद्धत रूढ केली. नवागतास कंपनीच प्रशिक्षण देत असल्याने त्याच्या विद्याशाखेस गौण स्थान असते.

निवड टप्प्याटप्प्याने होते. दहावीपासूनच्या गुणांची किमान अट (बहुधा ६० टक्के), गणित, तर्क व इंग्रजी यांची चाचणी, आज्ञावली-लेखन आणि शेवटी मुलाखती असा क्रम सामान्यतः आढळतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणला शासकीय तंत्रनिकेतन व कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुक येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गुणांची चाळणी येथील विद्यार्थ्यांना विशेष जाचक नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा कोकण विभाग २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात अग्रेसर राहिला आहे. अडचण अंतराची आहे. कंपन्या प्रत्येक महाविद्यालयात जात नाहीत. अनेक महाविद्यालयांचे उमेदवार एकत्र बोलावतात. मालवणला रेल्वेस्थानक नसल्याने पुण्या-मुंबईच्या मुलाखतीसाठी आधी कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते. २०२० च्या महासाथीत मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या व हा प्रवास पुष्कळसा वाचला; परंतु संपर्कजाळ्यासाठी डोंगर चढून अभ्यास करण्याची वेळही त्याच वर्षी जिल्ह्यातील काही विद्यार्थ्यांवर आली. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना होती.

मुलाखत कितपत विश्वसनीय, हा प्रश्न वेगळाच. श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये दाखविले, की मोकळ्या गप्पावजा मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना व ठराविक प्रश्नांची मुलाखत यांवरून पुढील कामगिरीचा अंदाज अधिक बांधता येतो. अमेरिकेतील २०२० च्या एका प्रयोगात, परीक्षक पाहत असताना फळ्यावर उत्तर लिहिणाऱ्यांची कामगिरी एकांतातील उमेदवारांच्या निम्म्याहूनही कमी भरली. घरी मालवणी व शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाची अस्खलित इंग्रजीवरून होणारी परीक्षाही अशीच सदोष होय. तीत आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य क्वचितच मोजले जाते.

निवडपत्र मिळाल्यावरही रुजू होणे निश्चित नसते. २०२२ मध्ये निवडल्या गेलेल्या देशातील अनेक पदवीधरांना २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.