पुण्य कोणाचे, पीडा कोणाला?

सुरत जिल्ह्यात पलसाणा तालुक्यातील चलथाण हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. गावावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी त्या परिसरात गेली आणि तेथेच रुजली. उसाच्या या पट्ट्यात आता कापडाचे कारखाने व बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. आणि अशा इमारतींबरोबर जो बिनभाड्याचा भाडेकरू हटकून येतो, तो म्हणजे पारवा. सज्जे, वायुविजनाच्या पोकळ्या, वातानुकूलन यंत्रांच्या मागील फटी, पाण्याच्या टाक्या ही सारी त्याची राज्ये. चलथाणमध्ये काय किंवा आमच्या किनाऱ्यावरील शहरांत काय, हा उपद्रव आता थट्टेचा विषय राहिलेला नाही.

पारवा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. माणसाने सिमेंटचे कडे उभारले आणि तो तेथे येऊन राहिला, यात त्याचा काय दोष? मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवसांत ती उबतात आणि पिले महिना-सव्वा महिन्यात उडू लागतात. नर व मादी दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिलांना भरवितात. त्यामुळे इतर पक्ष्यांप्रमाणे पिलांसाठी किड्यांच्या हंगामाची वाट त्यांना पाहावी लागत नाही. बारमाही दाणा मिळाला की बारमाही वीण होते. सारी ग्यानबाची मेख येथे आहे.

या विणीचे परिणाम केवळ घाणीपुरते मर्यादित नाहीत. विष्ठेतील आम्ल रंग, दगड व धातू यांना खाते. वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ती जुनाट झाली तर फुप्फुसे कायमची निबर होतात. विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीपासून, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना मेंदूज्वरासारखे विकार जडू शकतात. प्रत्येक शेजाऱ्याला हे होईल असे मुळीच नाही. परंतु ज्याला होते त्याचा श्वास आपल्या मूठभर ज्वारीच्या पुण्याने परत मिळत नाही.

मुंबईत २०२५ साली हाच प्रश्न रस्त्यावर आला. शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा जुलैमध्ये विधान परिषदेत झाली. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला. ऑगस्टच्या प्रारंभी संतप्त जमावाने ती ताडपत्री फाडली. प्रकरण उच्च न्यायालयात होतेच. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. भूतदया विरुद्ध आरोग्य असा हा सामना रंगविला गेला. आमच्या मते तो सामनाच खोटा आहे.

गुजरातेतील गावोगावचे जुने चबुतरे पाहावेत. चौकात, मोकळ्या हवेत, उंच खांबावर पक्ष्यांसाठी बांधलेली ती देखणी घरटी दयेची तशीच तारतम्याचीही साक्ष देतात. त्या दाण्याला जागेची मर्यादा होती. आपल्याकडील काकबळीही घासापुरताच असतो. भूतयज्ञ सांगणाऱ्या परंपरेने शेजाऱ्याच्या खिडकीखाली धान्याचे पोते रिकामे करा, असे कोठेही सांगितलेले नाही.

मग कबुतरे मारावीत काय? मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास १९६० च्या कायद्याने बंदी आहेच. शिवाय विषप्रयोग व हत्या हा रोग म्हशीला आणि इलाज पखालीला असा प्रकार होय. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली. तरी त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली, कारण रिकामी झालेली जागा नवी पिले भरून काढीत. १९८८ पासून त्या शहराने मार्ग बदलला. दाणा टाकू नका, त्याने दाटी व रोगराई वाढून पक्ष्यांचेच हाल होतात, असे नागरिकांना पटविले. देखरेखीखालील खुराडी उभारून त्यांतील अंडी काढून घेतली. चार-सव्वाचार वर्षांत कबुतरे निम्म्यावर आली.

यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. दाणा आवरा म्हणजे कबुतरे आवरतील. तो मात्र एकाएकी नव्हे, हळूहळू कमी करावा. घरमालकांनी सज्जे व पोकळ्या पाच सेंटिमीटर छिद्रांच्या जाळीने बंद कराव्यात. जाळी ताणून बसवावी, सैल जाळीत पक्षी अडकून तडफडतात. आत अंडी वा पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. रुंद कठड्यांना पंचेचाळीस अंशांचा उतार दिल्यास पक्ष्याला बसता येत नाही. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडाला मुखपट्टी बांधून काढावी. नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करतानाच अशा फटी राहणार नाहीत, हे स्थानिक संस्थांनी पाहावे. आधी बिळे ठेवायची आणि मग जाळीवाल्याला बोलवायचे, हा उलटा व्यवहार आहे.

सुरतेला हे शिकवावे लागू नये. १९९४ च्या प्लेगने त्या शहराची अब्रू वेशीवर टांगली. पुढे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत त्याच शहराने स्वच्छतेचा कित्ता देशाला घालून दिला. घाण ही ज्याच्या त्याच्या उंबऱ्यापुरती नसते, हे त्या नगरीने किंमत मोजून जाणले आहे. चलथाणसारख्या वाढत्या गावांनी तो अनुभव संकट येण्यापूर्वी उपयोगात आणावा, आणि आपल्या किनाऱ्यावरील नगरपालिकांनीही. दया करावयाची तर ती पक्ष्यावर करावीच. परंतु भिंतीपलीकडे खोकणारा वृद्ध हाही एक जीवच आहे, याचा विसर पडू नये.