बोटावरचं यंत्र आणि कातडीचा रंग

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वस्तीवस्तीत पोहोचला. ९५च्या वर आकडा दिसला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. पण हे यंत्र सगळ्यांना सारखं मोजत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजन ८८पेक्षाही कमी निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांत शंभरात सुमारे १२ वेळा घडलं. गोऱ्यांत ४ वेळासुद्धा नाही.

यंत्र बोटातून प्रकाश सोडून ऑक्सिजनचा अंदाज घेतं. काळ्या त्वचेतलं रंगद्रव्य जास्त प्रकाश शोषतं, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. या यंत्रांच्या चाचण्या बहुतांशी उजळ त्वचेच्या माणसांवर झाल्या होत्या. कुणी ठरवून दुजाभाव केला नाही. फक्त ‘माणूस’ म्हणताना गोरा माणूस धरला. गोऱ्या रुग्णाला याचा पत्ताही नसतो, कारण त्याचा आकडा बहुतेक वेळा बरोबर येतो. विशेषाधिकार म्हणतात तो हाच.

हा भेद डोक्यातही असतो. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या सुमारे निम्म्या गोऱ्या विद्यार्थी-डॉक्टरांनी ‘काळ्यांची कातडी जाड असते’ अशांपैकी एखादी तरी खोटी समजूत खरी मानली. अशा समजुती असणारे काळ्या रुग्णाचं दुखणं कमी धरत होते. यांतले बहुतेक जण स्वतःला वंशवादी म्हणवणार नाहीत.

हे आपल्याला नवं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि तिथल्या काळ्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. ज्याच्या पायात काटा नाही, त्याला वाट सरळच वाटते. त्याने काटा आहे हे कबूल केलं, तरच वाट दुरुस्त होते. ऑक्सिमीटरबाबत तसं झालं. मोजमाप पुढे आल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यंत्राच्या या मर्यादेचा जाहीर इशारा दिला.

यंत्राची अडचण त्वचेच्या रंगाशी आहे, देशाशी नाही. म्हणून सावळ्या-काळ्या रंगाच्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं :

• नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. हात गार असेल तर चोळून गरम करा. आकडा स्थिर झाल्यावरच वाचा.

• एकाच आकड्यावर जाऊ नका. तो उतरत चाललाय का ते पाहा.

• काळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही. ओठांची आतली बाजू, जीभ, हिरड्या उजेडात पाहा.

• धाप लागते, एक वाक्य सलग बोलता येत नाही, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठा.

तिथे ‘ऑक्सिजन तर ठीक आहे’ असं सांगून परत पाठवू लागले, तर त्रास पुन्हा स्पष्ट सांगा आणि ‘धमनीच्या रक्ताची तपासणी करता येईल का?’ असं विचारा. असं विचारणं हा उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे.