ओळख गाडीची : सायलेन्सरच्या पोटात

पेट्रोल जळून पिस्टन कसा ढकलला जातो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. जळून उरलेल्या वायूचं पुढे काय होतं, हा आजचा विषय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे वायू संथपणे वाहत येत नाही, धक्क्यानं बाहेर फेकला जातो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदाला १०० बसतात. एक्झॉस्टचा आवाज प्रामुख्यानं या धक्क्यांचा. तो कमी करायचा म्हणजे वायूची वाट अडवायची आणि सायलेन्सर हेच अडवण्याचं काम करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि सायलेन्सरकडे होणारं दुर्लक्ष बरंचसं तिच्यातूनच येतं. नुसता अडथळाच असेल, तर थोडा गंजला म्हणून काय बिघडलं, असं माणूस म्हणणारच.

वायू बाहेर जाऊ द्यायचा आणि आवाज मात्र आत जिरवायचा, हे सायलेन्सरचं खरं काम. अरुंद नळीतून आलेली ध्वनिलहर अचानक रुंद कप्प्यात शिरली की तिचा काही भाग जागच्या जागी मागे परततो. उरलेला पुढे जातो आणि कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला आपटून त्यातलाही बराचसा मागे फिरतो. कप्प्याची लांबी लहरीच्या लांबीच्या पाव असेल, तर या परतणाऱ्या लहरी एकमेकींना साथ देतात आणि पुढे फार थोडा आवाज सुटतो. नळीच्या चौपट व्यासाचा साधा कप्पा अशा अनुकूल स्वराला गणितानं सुमारे १८ डेसिबलनं खाली आणतो. म्हणजे ध्वनीची ऊर्जा साठाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. मात्र कप्प्याची लांबी लहरीच्या निम्मी झाली की तोच स्वर जणू कप्पा नाहीच असा आरपार जातो. म्हणून एकाच डब्यात बॅफल, म्हणजे आडवे पडदे, घालून वेगवेगळ्या लांबीचे कप्पे करतात आणि भोकं पाडलेल्या नळ्यांनी ते जोडतात. काही डब्यांत एखादा बंद कप्पाही असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की तिचा एकच ठरलेला स्वर उमटतो, तसा हा कप्पा एका ठरलेल्या खर्ज घुमण्याला प्रतिसाद देतो आणि नळीतलं नेमकं तेवढंच घुमणं मारतो. तीक्ष्ण, वरचे स्वर शोषायला काचेच्या लोकरीचा थर असतो.

हे सगळं मापांवर उभं आहे, म्हणून गंज इथे पत्र्यापुरता राहत नाही. समजा, २५ सेंटिमीटरच्या दोन कप्प्यांमधला पडदा गंजून गळून पडला. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास असतो. त्या हिशेबानं ५२० हर्ट्झचा स्वर या दोन्ही कप्प्यांत सर्वाधिक दबत होता. आता ५० सेंटिमीटरचा एकच कप्पा उरला, आणि नेमका तोच स्वर मोकळा सुटला. बाहेरून डबा धडधाकट दिसतो, बोटभरही भोक नाही, आणि गाडी मात्र बदललेल्या आवाजात बोलू लागते.

गंज आतून का लागतो? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात डबा पुरता तापतो आणि ते वाफेच्या रूपानं निघून जातं. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला काढलेली गाडी मात्र डबा तापायच्या आतच थांबते. पाणी तळाशी साचतं आणि वायूंतल्या नायट्रोजन व गंधकाच्या ऑक्साइडांमुळे आंबट होतं. बऱ्याच डब्यांच्या तळाला निचऱ्याचं बारीक छिद्र असतं, तेही चिखलानं बुजतं. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगला सायलेन्सर, हे गणित म्हणूनच जुळत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. आता डबे स्टेनलेस स्टीलचे असतात, ते गंजत नाहीत, हा पहिला. एक्झॉस्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्टीलमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपासच असतं. ते टिकाऊ खरं, पण वेल्डिंगचे सांधे आणि पट्ट्या आधी जातात, कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. सायलेन्सर ताकद खातो, हा दुसरा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. शर्यतीच्या मैदानावर ते जाणवेलही. पण रस्त्यावर इंजिन क्वचितच पूर्ण ताकदीनं चालतं, आणि कंपनीनं इंजिनाची जुळणी याच नळ्या नि कप्पे धरून केलेली असते. मोठा आवाज सुरक्षेसाठी बरा, हा तिसरा मात्र टिकत नाही. धूर सोडणारं तोंड मागे असतं, कर्कश आवाजाचा मोठा वाटा मागच्यांच्या कानावर जातो. समोरच्याला सावध करायला हॉर्न आहे.

गळतीचं नुकसान आवाजापुरतं थांबत नाही. प्रत्येक धक्क्यामागोमाग नळीत क्षणभर दाब घटतो, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे चीर असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि मायलेज उतरतं. याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला ना रंग, ना वास. गाडीखाली गळणारा हा वायू तळाच्या पत्र्यातल्या फटीतून किंवा डिकीच्या रबरातून आत शिरू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि त्याच्या मजकुरात रुंद कप्प्याच्या युक्तीचा थेट उल्लेख आहे.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की पाच मिनिटं खाली उभे राहा. इंजिन थंड असताना डब्यावर हलकी थाप मारायला सांगा. आत काही खडखडलं तर पडदा सुटला आहे असं समजा. सांध्यांवर काजळीचे काळे ओघळ आहेत का, रबरी हँगर फाटलेत का, निचऱ्याचं छिद्र मोकळं आहे का, हे विचारा. आतला पडदा सुटला असेल तर वरून ठिगळ लावून घेऊ नका, डबा बदला.